चार पोर्टांचा यूएसबी-सिरीयल अडॅप्टर लिनक्ससाठी घ्यायचाय : कोणती चिप बघून घ्यावी?

बालाघाटकर (रात्री ९:०५)

नमस्कार मंडळी. भूम तालुक्यातल्या काही दूध संकलन केंद्रांना मी कॉम्प्युटर बसवून देतो. बिनपंख्याचा छोटा पीसी, त्यावर डेबियन आणि हिशोबाचा आमचाच प्रोग्रॅम. प्रत्येक केंद्रावर चार वस्तू आरएस-२३२ ने (जुन्या पद्धतीच्या सिरीयल पोर्टानं) जोडायच्या असतात : काटा, फॅट मशीन, शेतकऱ्याला बाहेरून आकडा दिसावा म्हणून लावलेला डिस्प्ले आणि स्लिपचा प्रिंटर. पीसीला नऊ पिनांचा एकही पोर्ट नाही. त्यामुळे सध्या एक यूएसबी हब आणि त्यात चार सुट्या यूएसबी-सिरीयल केबली असा संसार आहे.

अडचण अशी की पहाटे ऐन दुधाच्या वेळी लाईट जाते. परत आली की पोर्टांचे नंबर बदललेले असतात. काल टीटीवाययूएसबी ० वर (लिनक्स पहिल्या यूएसबी-सिरीयल पोर्टाला हे नाव देतं) काटा होता, आज तिथं फॅट मशीन बसलेलं. बहुतेक ठिकाणी दोघांचा बॉड रेट, म्हणजे अक्षरं पाठवायचा वेग, वेगळा आहे म्हणून निदान कचरा येतो आणि प्रोग्रॅम थांबतो. पण एका केंद्रावर दोन्ही ९६०० वर आहेत. तिथं भलताच आकडा भलत्या रकान्यात जाऊ शकतो. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफवर (फॅट सोडून दुधातले बाकीचे घनपदार्थ) ठरतो, त्याच्या खाली गेलं की पॉइंटामागं कपात होते. बिल दहा दिवसांनी निघतं, तोवर कुणाच्या लक्षात येत नाही. ज्याच्या घरी दोनच गायी आहेत त्याला तो फरक लागतो.

चार पोर्टांचा एकच डबा घेतला तर हे मिटेल का? लिनक्सवर वेगळा ड्रायव्हर न टाकता चालला पाहिजे. केंद्रावर कर्नेल कंपाईल करत बसणारं कुणी नाही.

पेंग्विन_परभणी (रात्री ९:१४)

आधी एलएसयूएसबी या कमांडचं आउटपुट टाका, जोडलेल्या यूएसबी वस्तूंची यादी आणि आयडी त्यात येतात. केबलीवर काय छापलंय त्याला अर्थ नाही, आत कोणती चिप आहे ते महत्त्वाचं.

बालाघाटकर (रात्री ९:२२)

१ए८६:७५२३. हीच ओळ चार वेळा.

पेंग्विन_परभणी (रात्री ९:२७)

मग दुखणं तिथंच आहे. ही सीएच ३४०. चीनमधल्या नानजिंगच्या डब्ल्यूसीएचची चिप. ती वाईट नाही, लिनक्सचा सीएच ३४१ नावाचा ड्रायव्हर तिला चालवतो आणि तो कर्नेलमध्येच आहे. पण या चिपला सहसा सिरीयल नंबर नसतो. चारही केबली लिनक्सला अगदी एकसारख्या दिसतात. डेव्ह-सिरीयल-बायआयडी या फोल्डरमध्ये बघा, चार केबली लावूनही एकच नाव दिसेल, कारण चौघींचं नाव एकच तयार होतं.

बालाघाटकर (रात्री ९:३१)

बघितलं. खरंच एकच दिसायलंय.

हिमरू (रात्री ९:५८)

मी वाळूजला सीएनसीच्या शॉपवर असतो. इथं जुनी फानुक कंट्रोलची मशीनं अजून आरएस-२३२ वरच प्रोग्रॅम घेतात, म्हणून हे अडॅप्टर आमच्या रोजच्या वापरातले. तुमच्यापेक्षा आमची गरज थोडी वेगळी आहे, पण निवड करताना उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितो.

मशीन आपला बफर भरला की 'थांब' असं अक्षर पाठवतं, त्याला एक्सऑफ म्हणतात. रिकामा झाला की एक्सऑन. आता खऱ्या कॉम पोर्टवर हे लगेच कळतं. यूएसबीत मात्र ते अक्षर पीसीपर्यंत जाऊन, ड्रायव्हरनं वाचून, मग पाठवणं थांबेपर्यंत अडॅप्टरच्या पोटात साठलेली अक्षरं मशीनकडं निघून गेलेली असतात. मशीन ओव्हररनचा अलार्म देऊन उभं राहतं. एफटीडीआय या कंपनीच्या चिपांमध्ये एक्सऑन-एक्सऑफ चिपच्या आतच हाताळलं जातं आणि लिनक्सचा एफटीडीआय-एसआयओ ड्रायव्हर ते वापरतो. आमच्याकडं हाच एक मुद्दा निर्णायक ठरला.

दुसरं, पॅरिटी, म्हणजे चूक ओळखायला प्रत्येक अक्षरामागं जोडलेला जादा बिट. आमची मशीनं सात बिट, इव्हन पॅरिटीवर बोलतात. सीएच ३४१ च्या जुन्या ड्रायव्हरला पॅरिटीच येत नव्हती, पुढं ती सुधारणा आली. तुमच्या काट्याचं मॅन्युअल उघडून बघा. बरेच वजनकाटे आठ बिट, पॅरिटी नाही असे असतात, पण काही सात-इव्हनवाले निघतात.

चार पोर्टांसाठी एफटी ४२३२ एच ही चिप बघा. एकाच चिपमध्ये चार पोर्ट, यूएसबी २.० हाय स्पीड, आयडी ०४०३:६०११. लिनक्समध्ये लावली की चार टीटीवाययूएसबी उभे राहतात, काही टाकावं लागत नाही.

गोदातीर (रात्री १०:१०)

हिमरू, तुमचा मुद्दा सीएनसीसाठी बरोबर आहे, पण दूध केंद्राला एक्सऑफशी काय देणंघेणं? काटा सेकंदाला एक-दोन ओळी सोडतो. ९६०० बॉड म्हणजे सेकंदाला जेमतेम ९६० अक्षरं. तिथं सगळ्याच चिपा पास होतात.

बालाघाटकर, मी नांदेडला एका कॉलेजची नेटवर्क लॅब बघते. स्विच-राउटरच्या कन्सोल पोर्टांसाठी आमच्याकडं असाच पसारा आहे. नवं काही घेण्याआधी बायपाथ करून बघा. बायआयडीच्या शेजारीच ते फोल्डर असतं. त्यात नाव चिपवरून पडत नाही, केबल हबच्या कोणत्या भोकात आहे त्यावरून पडतं. पहिल्या भोकातली केबल लाईट गेली-आली तरी पहिल्याच नावानं येते. प्रोग्रॅममध्ये टीटीवाययूएसबी ० च्या जागी ते लांबलचक नाव टाका, किंवा यूडेव्हचा (उपकरणांना नावं देणारी लिनक्सची सेवा) एक नियम लिहून 'काटा', 'फॅट' अशी सुटसुटीत नावं द्या. एक रुपया न घालता काम होतंय.

बालाघाटकर (रात्री १०:१८)

ताई, हे मी एका केंद्रावर आजच करतो. पण केंद्रावर काय होतं सांगतो. दूध सांडतं, टेबल पाण्यानं धुतात, तेव्हा पोरगं सगळ्या केबली उपसून बाजूला ठेवतं आणि पुसून झालं की हाताला येईल तिथं खुपसतं. भोकावर रंगीत टेप लावून बघितल्या, दुधाच्या ओशटपणानं आठवड्यात सुटतात. म्हणून मला डबाच बरा वाटतोय. पीसीकडं जाणारी वायर एकच, आणि नऊ पिनांच्या केबली स्क्रूनं आवळून टाकता येतात.

गोदातीर (रात्री १०:२१)

स्क्रूचा मुद्दा मान्य. तिथं यूएसबी कमी पडतं.

लातूरचा_डीमन (रात्री १०:४०)

धाग्याच्या नावात लिनक्स आहे, पण बीएसडी या लिनक्ससारख्याच दुसऱ्या सिस्टिमवाल्यांसाठीही नोंद असू द्या, पुढं कुणी शोधत येईल.

फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडी दोन्हीकडं नेहमीच्या चिपांचे ड्रायव्हर मुळातच आहेत : एफटीडीआयला यूएफटीडीआय, प्रोलिफिकला यूपीएलकॉम, सीएच ३४० ला यूसीएचकॉम, सिलिकॉन लॅब्जला यूएसएलकॉम. चार पोर्टवाल्या मॉसचिप एमसीएस ७८४० ला यूएमसीएस. फ्रीबीएसडीत एका डब्याचे चार पोर्ट सीयूएयू० च्या पुढं टिंब देऊन ०, १, २, ३ असे येतात, म्हणजे कोणता पोर्ट कोणत्या डब्याचा ते नावातच कळतं. मला ही पद्धत लिनक्सच्या सरसकट नंबरांपेक्षा जास्त नीट वाटते.

मी खरेदी करताना एकच नियम पाळतो. ज्या चिपचं नाव बीएसडीच्या मॅन पेजमध्ये (सिस्टिमसोबत येणाऱ्या माहितीपानात) आहे तीच घ्यायची. जी तिथं चालते ती लिनक्सवर बहुधा चालतेच.

सोयाबीन (रात्री १०:४४)

मॉसचिप म्हणजे हैदराबादचीच ना?

लातूरचा_डीमन (रात्री १०:४७)

हो, कंपनी मूळची हैदराबादची. पुढं ही कनेक्टिव्हिटी चिपांची बाजू तैवानच्या एसिक्सकडं गेली. लिनक्समध्ये ड्रायव्हर मॉस ७८४० या नावानं आहे.

सोयाबीन (रात्री १०:५५)

ऐकून लई भारी वाटलं. पार्ट आणायला आम्ही कायम हैदराबादच गाठतो. रात्री रेल्वेत बसायचं, सकाळी तिथल्या कोठीच्या गुजराती गल्लीत. कनेक्टर, केबल, आयसी, जे म्हणाल ते. पुण्या-मुंबईपेक्षा आपल्याला तेच जवळ.

पेंग्विन_परभणी (रात्री ११:०२)

आणि येताना बिस्किटं. धागा पुढं न्या आता.

शेंद्रा_शिफ्ट (सकाळी ७:१५)

हिमरूंच्या सल्ल्याला माझा थोडा विरोध आहे. एफटीडीआय उत्तम, पण बाजारात एफटीडीआय म्हणून जे मिळतं त्यातलं अस्सल किती? २०१४ मध्ये काय झालं ते जुन्या मंडळींना आठवत असेल. कंपनीच्या विंडोज ड्रायव्हरनं नकली चिप ओळखून तिचा प्रॉडक्ट आयडी शून्य करून टाकला. ती केबल मग लिनक्सवर लावली तरी ओळखत नव्हती, कारण आयडी चिपमध्येच बदललेला होता. लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये नंतर तो शून्य आयडीसुद्धा यादीत घातला गेला, म्हणजे मेलेल्या केबली पुन्हा चालायला लागल्या. २०१६ ला पुन्हा ड्रायव्हरनं डेटामध्ये 'अस्सल नाही' असा मजकूर घुसवायला सुरुवात केली.

लिनक्सवर हा त्रास नाही हे खरं. पण तुमचा डबा उद्या कुणी विंडोजच्या लॅपटॉपला लावून बघितला तर? केंद्रावर येणारा फॅट मशीनवाला इंजिनिअर विंडोजच घेऊन येतो.

प्रोलिफिकची गोष्ट तशीच. जुन्या पीएल २३०३ ला विंडोजचा नवा ड्रायव्हर नाकारतो, लिनक्सवर त्याच केबली बिनबोभाट चालतात. भंगारात टाकलेल्या अशा केबली मी गोळा करून ठेवतो.

माझं मत : सिलिकॉन लॅब्जची सीपी २१०८ बघा, तीही चार पोर्टांची आहे, ड्रायव्हर सीपी २१०एक्स. नाहीतर मोक्साचा यूपोर्ट १४१०. त्याचा एमएक्सयूपोर्ट ड्रायव्हर कर्नेलमध्ये आहे, फक्त फर्मवेअरच्या फाइलचं पॅकेज डेबियनवर वेगळं टाकून ठेवा.

हिमरू (सकाळी ८:३०)

नकलीचा धोका सुट्या केबलींत जास्त. चार पोर्टांची चिप नकली करून विकणं मी तरी आमच्या भागात बघितलेलं नाही. बाकी अधिकृत वितरकाकडून बिलावर चिपचं नाव लिहून घ्यावं, यात आपलं एकमत आहे.

मापाडी (सकाळी ९:१०)

मंडळी चिपावर भांडायलेत, पण मराठवाड्यात अडॅप्टर चिपमुळं मरत नाही, अर्थिंगमुळं मरतो.

मी लातूरच्या मोंढ्याच्या बाजूला भुईकाट्यांची कामं करतो. भुईकाट्याचा प्लॅटफॉर्म उघड्यावर, खाली लोडसेल (वजन जाणणारा भाग), तिथून वायर केबिनमध्ये इंडिकेटरला, इंडिकेटरमधून आरएस-२३२ पीसीला. मे महिन्यात वळवाची वीज कुठंतरी शिवारात पडते आणि केबिनमधला अडॅप्टर जातो, कधी पीसीचा यूएसबी पोर्टही जातो. वीज आपल्या काट्यावर पडावी लागत नाही. जमिनीचाच व्होल्टेज दोन ठिकाणी वेगवेगळा चढतो आणि सिरीयल केबलची ग्राउंड वायर हा दोघांमधला सोपा रस्ता असतो.

आपली काळी जमीन. पावसाळ्यात अर्थिंग झकास. एप्रिल-मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात, अर्थिंगच्या सळीभोवतीची माती सळीला सोडून मागं सरकते. वरून बघितलं तर सळी जागेवर, वायर जागेवर, पण मातीशी संबंध उरलेला नाही. कोळसा-मीठ टाकून खड्डा भरला असेल आणि उन्हाळ्यात पाणी घातलं जात असेल तरच ती अर्थिंग.

लक्षण कसं ओळखायचं? डीमेसेजमध्ये (कर्नेलच्या संदेशांची यादी) 'डिसेबल्ड बाय हब' आणि पुढं कंसात 'ईएमआय' (विजेचा गोंगाट) व प्रश्नचिन्ह अशी ओळ येते. मोटार किंवा कॉम्प्रेसर चालू-बंद होताना ती ओळ पडायली तर ड्रायव्हर बदलून काही होणार नाही. दूध केंद्रावर बल्क कूलर असेल, त्याचा कॉम्प्रेसर बघा.

उपाय आयसोलेशन, म्हणजे दोन बाजूंत विजेचा थेट संबंध न ठेवणं. पीसी आणि डब्याच्या मधे यूएसबी आयसोलेटर टाकता येतो. एडीयूएम ३१६० किंवा ४१६० या चिपेवरचे सर्रास मिळतात. ते फुल स्पीडलाच चालतात, म्हणजे १२ मेगाबिट. चार पोर्ट ९६०० वर चालवायला तेवढं भरपूर झालं. दोन गोष्टी लक्षात ठेवा. स्वस्त आयसोलेटरमध्ये बहुधा १ वॅटचा कन्व्हर्टर असतो, म्हणजे ५ व्होल्टवर २०० मिलिअँपिअर. डबा त्याहून जास्त ओढत असेल तर अडखळत चालेल. दुसरं, असा आयसोलेटर पीसीला वाचवतो, पण डब्याच्या आत चारही पोर्टांची ग्राउंड एकच राहते. काट्याकडून आलेला झटका फॅट मशीनकडं जाऊ शकतो. आणि महाग वस्तू तुमच्याकडं फॅट मशीनच आहे. मला विचाराल तर आयसोलेशन असलेलाच डबा घ्या. मोक्साच्या यूपोर्ट १४५०आय मध्ये ते २ किलोव्होल्टचं आहे. किंमत ऐकून डोळे फिरतील, पण एक मोसम निघाला की वसूल.

बालाघाटकर (सकाळी ९:४५)

मापाडी काका, ही ओळ मी बघितलेली आहे! तीन-चार केंद्रांवर. मला वाटायचं हबच खराब. बल्क कूलर त्याच फेजवर आहे.

मापाडी (सकाळी ९:५२)

मग आधी कूलरची आणि पीसीची लाईन वेगळी करून घ्या. त्याला पैसेही कमी लागतात.

उंडणगावकर (सकाळी ११:२०)

आरएस-४८५ का नाही वापरत? दोन वायरींवर ३२ उपकरणं बसतात, १२०० मीटरपर्यंत जातं, एका यूएसबी पोर्टात काम. मी सोलरच्या इन्व्हर्टरांना आणि मीटरांना मॉडबसवर तसंच जोडतो. दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर, बस्स.

गोदातीर (सकाळी ११:३५)

मीटरांसाठी उत्तम. पण ४८५ वर एका वेळी एकानंच बोलायचं असतं, विचारलं तरच. काटा न विचारता सतत वजन सोडत राहतो, फॅट मशीन नमुना झाला की आपणहून रिझल्ट फेकतं. ही मंडळी एका वायरीवर नांदणार नाहीत. शिवाय दोघांना पोर्ट २३२ चाच आहे.

अंतर जास्त असेल तर मात्र दुसरा रस्ता आहे. इथरनेटवरचा सिरीयल डिव्हाइस सर्व्हर. किंवा काट्याजवळच एक छोटा बोर्ड ठेवून त्यावर सेर२नेट चालवायचं, ते मुक्त सॉफ्टवेअर आहे, सिरीयल पोर्ट नेटवर्कवर उघडून देतं. आमच्या लॅबमध्ये मुलं घरी बसून राउटरचा कन्सोल उघडतात ते याच्याच जोरावर. इथरनेटच्या पोर्टात ट्रान्सफॉर्मर असतोच, त्यामुळं मापाडी काका म्हणतात ते आयसोलेशन आपोआप काही प्रमाणात मिळतं. फक्त शील्ड नसलेली केबल वापरा.

मापाडी (सकाळी ११:४०)

हे पटलं.

पेंग्विन_परभणी (दुपारी १:०५)

दोन सॉफ्टवेअरच्या भानगडी राहून गेल्या, लिहून ठेवतो.

मोडेममॅनेजर. डेस्कटॉप लिनक्सवर हा बरेचदा आधीच बसवलेला असतो. नवा सिरीयल पोर्ट दिसला की हा मोडेम आहे का ते बघायला त्यावर काही अक्षरं पाठवून बघतो. तुमचा डिस्प्ले सुरू होताना उगाच काहीतरी दाखवत असेल किंवा प्रिंटर एखादी कचऱ्याची ओळ छापत असेल तर संशयित हाच. केंद्रावरच्या पीसीला मोडेम नसेल तर काढून टाका, असेल तर यूडेव्हच्या नियमात या डब्याकडं दुर्लक्ष कर असं सांगता येतं.

दुसरं, उबुंटू २२.०४ वर सीएच ३४० लावली की पोर्ट दिसतो आणि लगेच गायब होतो. बीआरएलटीटीवाय नावाची सेवा तो पकडते, कारण काही ब्रेल डिस्प्लेंमध्ये हीच चिप आणि हाच आयडी आहे. नेटवर सगळीकडं 'काढून टाका' असं लिहिलेलं असतं. केंद्राच्या पीसीवर जरूर काढा. पण ज्या मशीनवर कुणी अंध व्यक्ती काम करते तिथून काढू नका, तिचं वाचन त्यावरच चालतं. तिथं फक्त त्या आयडीचा नियम बंद करावा.

आणि हो, डेबियनवर प्रोग्रॅम चालवणारा युझर डायलआउट ग्रुपमध्ये (ज्याला सिरीयल पोर्ट वापरायची परवानगी असते) हवा. रूट म्हणून चालवू नका.

अंबाजोगाईचा_अंबर (दुपारी २:३०)

मी वेगळंच सुचवतो. यूएसबी सोडाच. औद्योगिक वापराचे बिनपंख्याचे पीसी मिळतात, त्यांना मागं चार किंवा सहा खरे कॉम पोर्ट असतात. १६५५० या सिरीयल चिपच्या जातीचे, लिनक्समध्ये टीटीवायएस० पासून पुढं. नंबर कधीच बदलत नाहीत, कारण ते बोर्डवरच असतात. नव्या केंद्राला पीसी घेतानाच असा घ्या.

शेंद्रा_शिफ्ट (दुपारी २:४१)

+१. फक्त झटका आला तर अडॅप्टरऐवजी मदरबोर्ड जाईल, एवढं धरून चला.

अंबाजोगाईचा_अंबर (दुपारी २:४४)

हे मात्र खरं. चार पोर्टांचा डबा निदान बदलून टाकता येतो.

बालाघाटकर (संध्याकाळी ६:१०)

सगळं वाचलं. नव्या केंद्रांना अंबरभाऊंचा पीसी, जुन्या केंद्रांना डबा असं ठरवायलोय. आता मूळ प्रश्नाकडं येतो. एफटी ४२३२ एच चा डबा घेतला आणि त्यालाही सिरीयल नंबर नसला तर? पुन्हा तेच होणार का?

हिमरू (संध्याकाळी ६:५५)

नाही होणार, आणि हेच या सगळ्याचं उत्तर आहे म्हणून सावकाश लिहितो.

एफटी ४२३२ एच ला सिरीयल नंबर ठेवायला बाहेर एक छोटी ईईप्रॉम (मेमरी) चिप लागते. काही स्वस्त डब्यांत ती टाकलेली नसते. पण चारही पोर्ट एकाच यूएसबी उपकरणाचे चार इंटरफेस असतात : ००, ०१, ०२, ०३. हा क्रम सिलिकॉनमध्येच पक्का आहे. बायआयडीमध्ये नाव येतं त्याच्या शेवटी आयएफ ००, आयएफ ०१ असं लिहिलेलं असतं. डबा पीसीच्या कोणत्याही भोकात लावा, लाईट कितीही वेळा जाऊ द्या, पहिला पोर्ट आयएफ ०० च राहणार. सिरीयल नंबर तेव्हाच लागतो जेव्हा एका पीसीला असे दोन डबे लावायचे असतात.

यूडेव्हच्या नियमात एवढंच तपासा : व्हेंडर ०४०३, प्रॉडक्ट ६०११, आणि इंटरफेस नंबर. चार ओळी, चार नावं. तीच फाइल सगळ्या केंद्रांवर चालेल, जर तुम्ही प्रत्येक ठिकाणी पहिल्या पोर्टाला काटाच लावलात.

लातूरचा_डीमन (संध्याकाळी ७:०२)

याच्यात एक खाच आहे. 'चार पोर्ट' म्हणून विकले जाणारे कितीतरी डबे आतून एक हब आणि चार सुट्या चिपा असे असतात. म्हणजे तुमचा आत्ताचा पसाराच प्लास्टिकच्या खोक्यात. घेतल्यावर एलएसयूएसबीला टी हा पर्याय देऊन झाड बघा. एका उपकरणाखाली चार इंटरफेस दिसले तर खरी चार पोर्टांची चिप. हब आणि त्याखाली चार वेगळी उपकरणं दिसली तर परत करा.

तसं हब आतच बंद असल्यानं बायपाथ तिथंही चालेल, पण तेव्हा डबा पीसीच्या ठरलेल्या भोकातच लावावा लागेल.

गोदातीर (संध्याकाळी ७:३०)

अजून एक, लेटन्सी टायमर. एफटीडीआय अडॅप्टर अक्षरं साठवून पाठवतो, डब्यात फार नसतील तर १६ मिलिसेकंदांनी. ९६०० वर तेवढ्यात साधारण पंधरा अक्षरं जमतात. काट्याची ओळ त्यामुळं तुकड्यात येते. प्रोग्रॅमनं 'एका वाचनात आलं ते वजन' असं धरलं तर १२.४५ चं २.४५ होऊ शकतं. ओळीचं शेवटचं अक्षर येईपर्यंत जमवत राहायचं आणि मगच आकडा काढायचा. टायमर सिसएफएसमधून (कर्नेलच्या सेटिंगच्या फाइली) १ मिलिसेकंदापर्यंत खाली आणता येतो, पण आधी वाचण्याची पद्धत सुधारा.

आणि बालाघाटकर, हार्डवेअर कितीही नीट केलं तरी प्रोग्रॅमनं एक तपासणी करावीच. काट्याच्या ओळीचा साचा वेगळा, फॅट मशीनचा वेगळा. कुठं किती अक्षरं, कुठं टिंब, एकक लिहून येतं का. पोर्टवर आलेली ओळ साच्यात बसली नाही तर स्लिप छापायचीच नाही, पडद्यावर लाल पट्टी आणायची आणि सचिवांना हातानं नोंद करू द्यायची. गायीचं ५ च्या वर किंवा ३ च्या खाली फॅट आलं तर पुन्हा नमुना घ्या असंही विचारता येईल. ज्या दोन गायीवाल्याचं तुम्ही लिहिलंत, त्याचा आकडा असा अडखळला तरी चालेल, चुकता कामा नये.

बालाघाटकर (रात्री ८:०५)

ताई, साचा तपासणं उद्याच घालतो, ते तर डबा येण्याआधीही करता येतंय. वितरकाकडं एफटी ४२३२ एच चा, आयसोलेशन असलेला डबा मागितलाय, झाड दाखवल्याशिवाय पैसे देणार नाही असं सांगितलंय.

शेवटची शंका. डब्याचे पोर्ट नऊ पिनांचे नर आहेत. जुन्या केबली तशाच चालतील ना? काट्याच्या केबलीत पिन २ आणि ३ ची जोडणी उलट केलेली आहे.

मापाडी (रात्री ८:२०)

आत्ताच्या यूएसबी केबलींचं टोकही नर नऊ पिनांचंच आहे ना? मग त्याच केबली तशाच लागतील, पिनांची मांडणी तीच : २ वर घेणं, ३ वर पाठवणं, ५ ग्राउंड. उलट केलेली केबल काट्यालाच लावा, फॅट मशीनच्या सरळ केबलीशी अदलाबदल करू नका. प्रत्येक केबलीवर दोन्ही टोकांना नाव कोरा, मार्करनं लिहिलेलं पुसलं जातं. आणि घेताना डबा आरएस-२३२ चाच आहे याची खात्री करा. त्याच चिपेचे ५ व्होल्ट किंवा ३.३ व्होल्टचे बोर्डही मिळतात, त्यांना काट्याची लाईन लावली की उणे व्होल्टेजनं चिप जागेवर जाते.